फोरमनचं बोलायचं यंत्र

उघडलेल्या खोक्यातली वस्तू या घरात येणार नाही, असं मशीनबाईने लेकीला सांगितलं, आणि सांगताना पायाखालची मशीन काही थांबवली नाही. कोणाचीतरी पँट आखूड करायची होती. लेक मोबाइल पुढे धरून उभी, आणि ही आपली टाक्यांकडे बघतेय.

"आई, निदान फोटो तरी बघ."

"बघितला."

"कधी बघितलास? मान तरी वर केलीस का?"

"खोकं फोडलेलं आहे ना? झालं तर. अजून काय बघायचं?"

मशीनबाई हे गल्लीने ठेवलेलं नाव. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन टाकून ती लोकांचे कपडे मापाचे करून द्यायची. कंबर सैल कर, बाही कमी कर, चेन बदलून दे, असली कामं. तिचा नवरा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात फोरमन होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्याला फोरमन सोडून दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती. लेक एकुलती एक, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी, चार गल्ल्या सोडून राहायची आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी यायची. भांडायला यायची असं मशीनबाईचं मत, कारण हल्ली दुसरं काही व्हायचंच नाही.

भांडण एकाच गोष्टीचं होतं. फोरमनच्या घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, आणि माणूस वाचला. गळ्याच्या तळाशी एक भोक राहिलं, श्वास तिथूनच. आवाज मात्र गेला तो गेलाच. पुटपुटणंसुद्धा जमत नव्हतं. नुसते ओठ हलायचे. दवाखान्यातल्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की एक यंत्र मिळतं, टॉर्चएवढं. गळ्याला लावायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे, की शब्द ऐकू येतात. नवीन घ्यायचं तर किंमत ऐकूनच घाम फुटावा अशी. म्हणून लेक ऑनलाइन शोधत बसली आणि तिला हे सापडलं होतं. कोणीतरी मागवलेलं, खोकं उघडून बघितलेलं, आणि परत पाठवलेलं. ओपन बॉक्स. किंमत निम्म्याच्याही खाली.

"एकच शिल्लक आहे," लेक म्हणाली. "आज नाही घेतलं तर जाईल."

"जाऊ दे की."

आतल्या दारात खुर्चीवर बसलेल्या फोरमनने टेबलावर चमचा आपटला. हे त्याचं नवीन शस्त्र. आधी एकदा, मग न थांबता. मशीनबाईने मशीन जोरात चालवली.

आता फोरमनच्या त्या गेलेल्या आवाजाबद्दल बोललंच पाहिजे, कारण सगळं रामायण त्याचंच आहे. कारखान्यात पत्रा कापणाऱ्या यंत्रांचा असा दणदणाट असायचा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. घरीही तीच सवय राहिली, त्याला काय करणार बिचारा. हे कारण सगळ्यांना तोंडपाठ होतं. सासूने तेच सांगितलं, नणंदेने तेच, शेजाऱ्यांनी तेच. मशीनबाईनेही काही वर्षं ते गिळलं. मग एकदा कारखान्याची सहल निघाली, तिथे तिने बाकीच्या बायकांना सहज विचारलं, तुमचेही असेच ओरडतात का हो घरी? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, आमचे तर घरी आले की तोंडातून शब्द काढत नाहीत, दिवसभर ओरडून दमलेले असतात.

चहा गार म्हणून ओरडा, चहा गरम म्हणून ओरडा. टॉवेल जागेवर नाही, दिवा चालू का ठेवला, दिवा बंद का केला. माणूस हात उचलत नव्हता, हे खरं. पण तो आवाज सुरू झाला की हिचे हातपाय गार पडायचे, आणि तोंडाला कुलूप लागायचं. तो काय म्हणतोय हे तिला निम्म्या वेळा कळायचंही नाही. कधी थांबतोय एवढीच ती वाट बघायची. गिऱ्हाईक आलं असेल तर ते कपडे दारातच ठेवून पळ काढायचं. फक्त लेकीवर तो कधी ओरडला नाही. लेक म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत. तिच्याशी बोलताना आवाज असा मऊ व्हायचा की हाच का तो माणूस असं वाटावं. आणि हिला आतून जास्त लागायचं ते हेच, कारण म्हणजे त्याला हळू बोलता येत होतं.

ऑपरेशननंतर मशीनबाईने त्याचं सगळं केलं. कोणी बोट दाखवायला जागा ठेवली नाही. नळी साफ करणं, पातळ जेवण भरवणं, गळ्यावर बांधायला मऊ सुती फडकी शिवणं. दवाखान्यातल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेत हो तुमचे मिस्टर. ती हसायची. आणि घरी आल्यावर हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की घर गप्प आहे. समोरच्या घरातला रेडिओ ऐकू येतोय. गिऱ्हाइकं आत येऊन बसतायत, गप्पा मारतायत, दोन कपडे जास्तीचे टाकून जातायत. ती शिवताना गुणगुणते, हे तिला स्वतःला आत्ता कळत होतं.

फोरमनला लेकीने लिहायला एक छोटा पांढरा फळा आणून दिला होता. त्यावर तो लिहायचा, अक्षरं ही एवढाली, खाली रेघा ओढून. मीठ. उशीर. कोण आलं. मार्करची टोकं दाबून दाबून चेपून टाकायचा. पण फळ्याचं एक बरं होतं. वाचायला मान वळवावी लागते. कान मिटता येत नाहीत, मान मात्र खिडकीकडे ठेवता येते, आणि मशीनबाई ती तशी ठेवायची. मग तो चमचा आपटायचा. आपटेना का, चमच्याचं काय एवढं.

ती सुखात होती. दुसरा शब्द नाही त्याला. नवऱ्याचा घसा कापला गेला आणि बायको सुखात आहे, हे कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून ती सांगत नव्हती. नवीन यंत्राची किंमत ऐकली तेव्हा तिने केवढी मान हलवली होती, काय करणार, आपल्या आवाक्यातलं नाही. आणि आता ही पोरगी निम्म्या किमतीचं यंत्र घेऊन दारात उभी.

"कोणाच्या गळ्याला लावलेलं असेल ते," मशीनबाई म्हणाली. "यांच्या गळ्याला भोक आहे, जंतू गेले म्हणजे?"

"भोकाला लावायचंच नसतं ते. वर कातडीला लावतात. आणि स्पिरिटने पुसलं की झालं. आमच्याकडे दिवसभर लोकांच्या तोंडात घातलेली हत्यारं साफ करून पुन्हा दुसऱ्याच्या तोंडात घालतात, तिथे बरी तू दाढ काढून घेतलीस."

"बॅटरी वापरलेली असणार."

"नवीन टाकू. टॉर्चची असते तसलीच लागते."

"गॅरंटी?"

"आहे. थोड्या महिन्यांची आहे, पण आहे."

"चांगलं होतं तर परत कशाला केलं? काहीतरी खोट असणारच ना. लोकांची खरकटी वस्तू आपण का घ्यायची?"

"आई, तू स्वतः दिवसभर लोकांचे घातलेले कपडे मांडीवर घेऊन बसतेस."

हे लागलं. मशीनबाईने पँट उलटी केली आणि दुसऱ्या पायाला हात घातला. लेक मात्र आता थांबणार नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तिने मोबाइल सरळ मशीनवर, सुईच्या पुढ्यात ठेवला.

"तू फाटे फोडतेयस. आजच नाही, गेले कित्येक दिवस. आधी म्हणालीस डॉक्टरांना विचारू, मग म्हणालीस उन्हाळा जाऊ दे. उन्हाळ्याचा आणि बोलण्याचा काय संबंध गं? बाबांनी मागच्या वेळी मला फळ्यावर काय लिहून दाखवलं माहितीये? 'ती वाचत नाही.' एवढंच. मला रडू आलं. तुला ते मुकेच हवेत ना? बरं चाललंय तुझं."

फोरमनचा चमचा थांबला. तोही ऐकत होता, कान टवकारून.

मशीनबाईने पाय पॅडलवरून काढला. नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण हा खोटेपणाही आता जड व्हायला लागला होता.

"हो," ती म्हणाली. "बरं चाललंय माझं."

भांडणाऱ्या माणसाला समोरच्याने हो म्हटलं की पुढे काय बोलायचं ते सुचत नाही, तसं झालं लेकीचं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज धारदारच राहिला.

"लाज वाटत नाही तुला? आजारी माणूस आहे तो. ओरडायचे, मान्य आहे. कोण ओरडत नाही? कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं."

"तुझ्यावर ओरडले कधी?"

"मी तसं वागलेच नाही कधी."

"आणि मी वागले?"

फोरमनने फळा उचलला, त्यावर खरखर काहीतरी लिहिलं आणि लेकीच्या दिशेने धरला. मशीनबाईने सवयीने मान वळवली नाही, पण लेकीने मोठ्याने वाचून दाखवलं, मुद्दाम, एकेक शब्द सुटा करून. "'मागव. तिचं ऐकू नकोस.'"

"मग मागव ना," मशीनबाई म्हणाली. "माझी परवानगी कशाला हवीय?"

"कारण ते लावायला, पुसायला, बॅटरी बदलायला तू लागणार आहेस. तू ठरवलंस तर ते खोकं आठवडाभरात माळ्यावर जाईल. मी ओळखते तुला." लेकीने मोबाइल परत उचलला. "आणि खोट कसली आहे ते विचारायचंय ना तुला? विचारू. इथे नंबर दिलाय. तुझ्यासमोर विचारते, म्हणजे पुन्हा तक्रार नको."

तिने नंबर लावला आणि आवाज मोठा करून मोबाइल टेबलावर ठेवला, फोरमनच्या चमच्याशेजारी. परत आलेल्या वस्तू तपासून पुन्हा विकणारं कुठलंतरी दुकान होतं ते. माणसाने उचललं. आवाजावरून मध्यमवयीन, आणि नुकताच चहा पिऊन बसल्यासारखा निवांत. लेकीने यंत्राचं सांगितलं आणि विचारलं, की आधीच्या गिऱ्हाइकाने ते परत का केलं.

"ते होय," माणूस म्हणाला. "मीच तपासलंय. एकदम ठणठणीत आहे बघा. मी स्वतःच्या गळ्याला लावून चालवून बघितलं. बटण, बॅटरी, सगळं जागच्या जागी."

"मग परत कशाला केलं?"

"आता काय सांगायचं. वस्तूत दोष नाही, पण तुम्ही विचारलंत तर लपवत नाही, नाहीतर उद्या तुम्हीही परत पाठवाल, आणि ओपन बॉक्सचा माल आम्ही दुसऱ्यांदा घेत नाही. त्यांच्या सूनबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, सासऱ्यांनी दोन दिवस वापरलं आणि फेकून दिलं. कारण काय, तर यात ओरडता येत नाही."

मशीनबाईने खुर्ची मागे सरकवली. लेकीला वाटलं ती उठून आत चालली, पण ती टेबलाशी आली आणि मोबाइलवर वाकली.

"म्हणजे कसं?" तिने विचारलं. "ओरडता येत नाही म्हणजे?"

"म्हणजे असं बघा बाई, हे साधं मॉडेल आहे. याचा एकच सूर. बाजूला चाक आहे, त्याने आवाज जरासा कमी-जास्त होतो, पण किती, तर आपण दोघं आत्ता बोलतोय तेवढाच. त्याच्या वर जात नाही. माणूस रागावला तरी तोच सूर, लाडात आला तरी तोच. महागातल्या मॉडेलमध्ये थोडी चढउतार करता येते, यात नाही. तुम्हाला ते चालणार नसेल तर आधीच सांगा."

"अजिबात चढत नाही?"

"अजिबात नाही."

"जीव तोडून ओरडलं तरी?"

"तरीही. ओठ मोठे हलतील फक्त. गैरसोय होते, कबूल आहे. त्या गृहस्थांना तेच सहन झालं नाही."

"त्यांच्या सूनबाई काय म्हणाल्या?" मशीनबाईने विचारलं. हे विचारायचं काही कारण नव्हतं, आणि लेकीने तिच्याकडे चमकून बघितलं.

माणूस जरा घुटमळला. "त्या म्हणाल्या, परत घ्यायलाच हवं का? मी म्हटलं, तुम्ही म्हणत असाल तर नाही घेत. तर म्हणाल्या, नको, घ्या, ते ऐकायचे नाहीत."

मशीनबाई सरळ उभी राहिली. कुठल्या गावातली कोण ती सून, तिला काही माहीत नव्हतं. पण तिचे ते दोन दिवस कसे गेले असतील हे तिला दिसत होतं, आणि यंत्र खोक्यात घालून चिकटपट्टी लावताना त्या पोरीचं काय झालं असेल तेही. तिला तिची फार दया आली. दया आली आणि संतापही आला, त्या म्हाताऱ्याचा, आणि सगळ्यांचाच.

"मागव," ती लेकीला म्हणाली.

"काय?"

"मागव म्हटलं ना. हेच. दुसरं महागातलं बघू नकोस."

लेकीने दुकानदाराला आत्ता मागवते म्हणून सांगून फोन ठेवला आणि ती मोबाइलवरच्या मागवायच्या बटणाकडे बोट नेणार, तेवढ्यात चमचा खाली पडला. फोरमनने फळा ओढून घेतला होता. इतके दिवस याच यंत्रासाठी त्याने टेबल बडवून काढलं होतं, लेकीला रडवलं होतं, आत्ताच तिला मागव म्हणून लिहून दाखवलं होतं. ते सगळं त्याने तळहाताने पुसलं आणि लिहिलं, फळाभर.

नको.

लेकीला आधी कळलंच नाही. "का पण बाबा? चांगलं आहे ना ते. बोलता येईल तुम्हाला. माझ्याशी फोनवर बोलाल. तुम्हालाच तर हवं होतं."

त्याने त्याच शब्दाखाली रेघ मारली. मग दुसरी.

"ओरडता येत नाही म्हणून?" लेक म्हणाली. ती हळू बोलली होती, जणू तिला वाटत होतं की तो नाही म्हणेल. मान हलवेल, तसं नाही गं म्हणून काहीतरी लिहील. "बाबा, बोलता येतंय. नुसतं ओरडता येत नाही. म्हणून नको?"

फोरमन उठला आणि त्याने तो फळा लेकीच्या तोंडासमोर धरला, इतका जवळ की तिला मान मागे घ्यावी लागली. त्याचे डोळे वटारलेले होते, गळ्यावरचं फडकं श्वासाने आतबाहेर होत होतं. लेकीने या माणसाला तिशी ओलांडेपर्यंत बाबा म्हटलं होतं, आणि हा चेहरा तिने कधी समोरून बघितला नव्हता. तिचे हातपाय गार पडले. मोबाइल हातात तसाच राहिला. ती आईकडे बघायला लागली, आणि आई तिच्याकडेच बघत होती. कसं वाटतंय, असं काही आईने विचारलं नाही. विचारता आलं असतं, पण आपल्याच पोरीचा तो पांढरा पडलेला चेहरा बघून तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

"दाब," ती एवढंच म्हणाली.

लेकीने बटण दाबलं.

तेव्हा फोरमनने फळा भिंतीवर फेकला आणि तो बायकोकडे वळून ओरडायला लागला. पूर्वीसारखाच. तोंड पूर्ण उघडून, मानेच्या शिरा ताठ करून, बोट नाचवून. ओठ भराभर हलत होते आणि आवाज नव्हता, नुसती गळ्यातून हवा फुसफुसत होती. पूर्वी अशा वेळी मशीनबाई जमिनीकडे बघायची. आज तिने खुर्ची ओढली आणि ती त्याच्या अगदी समोर बसली. हात मांडीवर ठेवले, आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिली, शेवटपर्यंत, तो दमून थांबेपर्यंत. एवढ्या वर्षांत त्याचं बोलणं तिने आज पहिल्यांदा नीट लक्ष देऊन बघितलं.

"मला काही कळलं नाही," ती म्हणाली. "यंत्र येऊ द्या, मग परत सांगा."